जिना एकच आहे

ध्वनिमुद्रणातला आवाज बदललेला होता. बोलणारं माणूस ओळखू येऊ नये म्हणून तो यंत्रातून खाली ओढून इतका घोगरा केला होता, की बाई बोलते आहे की पुरुष हेही नीट कळत नव्हतं. तरी दुसऱ्या वाक्याच्या आधी ‘टक्’ असा बारीक आवाज आला आणि ती खुर्चीत किंचित पुढं सरकली. चष्म्याचं घर उघडून मिटल्याचा आवाज होता तो. चष्म्याची घरं पुष्कळ असतात, तिनं स्वतःला सांगितलं, आणि बोलताना त्यांच्याशी चाळा करणारी माणसंही पुष्कळ. मग तो घोगरा आवाज म्हणाला, “खोटं कशाला बोलू,” आणि पुन्हा टक्. ती आई होती.

सभागृह अर्धंमुर्धं भरलं होतं. पडद्याशेजारी उभी असलेली विद्यार्थिनी आपल्या प्रबंधाचं सादरीकरण करत होती आणि पहिल्या रांगेत परीक्षक म्हणून विभागप्रमुखांच्या शेजारी ती बसली होती. विषय तिच्याच आवडीचा, किंबहुना तिच्याच कामातून फुटलेला. नदीवर धरण झालं, पलीकडच्या काठची गावं पाण्याखाली गेली आणि तिथली माणसं शहरात आली, याला आता कितीतरी वर्षं झाली होती. तरी त्यांना, त्यांच्या मुलांना, नातवंडांनाही शहर अजून ‘पलीकडचे’च म्हणत होतं. भाड्याचं घर बघायला गेले की ते हसतमुखानं परत पाठवले जात. कुणी शिवी देत नव्हतं, दार आपटत नव्हतं. घर नुकतंच गेलेलं असायचं, किंवा मालकाचा पुतण्या राहायला येणार असायचा. हा नकार माणसं कुठल्या शब्दांत देतात, एवढाच विद्यार्थिनीचा प्रश्न होता आणि त्यासाठी तिनं जुन्या वस्तीतल्या रहिवाशांच्या मुलाखती घेतल्या होत्या. “आमचं काही म्हणणं नाही हो,” घोगरा आवाज सांगत होता. “माणसं चांगलीच आहेत ती. पण जिना एकच आहे ना. येता-जाता तोंड द्यायचं, दोन शब्द बोलायचे.” टक्. “माझी मुलगी याच लोकांवर पुस्तकं लिहिते. वर्षभर त्यांच्यात राहून आली, त्यांच्यासारखं बोलायला शिकली. पण स्वतःचं घर घेताना तिनंसुद्धा नीट बघूनच घेतलं.” सभागृहात हशा पिकला. विभागप्रमुख मान मागं टाकून हसले. तीही हसली, थोडी उशिरा. विनोद समजायला वेळ लागलेल्या माणसासारखी.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा आपण काही विचारणार नाही असं तिनं ठरवलं होतं आणि तरीही तिचाच हात आधी वर गेला. “या शेवटच्या बाईंच्या बोलण्यात,” ती म्हणाली. बाई म्हणायला नको होतं हे बोलून गेल्यावर लक्षात आलं. “या व्यक्तीच्या बोलण्यात विनोदापलीकडं तुम्हाला काही दिसलं का?” विद्यार्थिनीनं हातातला कागद खाली ठेवला. “दिसलं, मॅडम. पण त्यांनी मध्येच यंत्र बंद करायला सांगितलं. त्यानंतर त्या बराच वेळ बोलल्या. ते मी कुठंच वापरलेलं नाही.” “एवढं महत्त्वाचं होतं तर नाव न घेता वापरायचं,” विभागप्रमुख म्हणाले. “नाही सर. बंद म्हटलं की बंद. मॅडमनीच शिकवलंय.” सगळ्यांनी तिच्याकडं कौतुकानं पाहिलं. तिनं मान डोलावली. चहाच्या वेळी तिनं विभागप्रमुखांना बाजूला घेऊन सांगितलं, की मुलाखत दिलेल्यांपैकी एक व्यक्ती आपल्या ओळखीची निघाली, तेव्हा आपण गुण देणं बरं नव्हे. ते म्हणाले, “या शहरात कुणाची ओळख निघत नाही? मनावर घेऊ नका.” आणि बिस्किटांकडं वळले. तिनंही फार ताणून धरलं नाही.

विभागात तिला पाठीमागं ‘कान’ म्हणत, हे तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. पलीकडची बोली तिच्याइतकी दुसऱ्या कुणालाच जमली नव्हती. शब्द बरेचसे तेच. फरक होता तो सुराचा. शहरातली माणसं वाक्य संपवताना सूर खाली टाकतात. पलीकडची माणसं तो तसाच वर ठेवून देतात, समोरच्यानं झेलावा म्हणून. इतर संशोधकांना हे समजायचं, पण जमायचं नाही; ते नाटकातल्यासारखं बोलायचे आणि वस्तीतली माणसं तोंडावर हात धरून हसायची. ती तिशीत असताना वस्तीत राहायला गेली आणि थंडी संपायच्या आत तशी बोलू लागली. जिच्या घरी ती राहत होती ती शिवणकाम करणारी बाई एकदा दातांत दोरा धरून म्हणाली होती, “तुमची जीभ शिकली नाही काही, तिला आठवलंय.” हे वाक्य तिनं आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत घातलं होतं. इतकं मोठं प्रशस्तिपत्र कुठल्या विद्यापीठानं दिलं असतं? पुस्तकाची प्रत आईला दिली, तेव्हा आईनं ती उघडली नाही. कपाटात ठेवली, तीही पाठमोरी, कणा आत आणि पानं बाहेर. आईला पुस्तकं लावता येत नाहीत असं म्हणून तिनं दोन-तीनदा प्रत सरळ केली. पुढच्या खेपेला ती पुन्हा पाठमोरी असायची. वस्तीत राहत होती त्या वर्षी एकदा सुट्टीला घरी आली असताना जेवता जेवता तिनं गंमत म्हणून पलीकडच्या सुरात पाणी मागितलं होतं. आईचा हात तांब्याकडं गेला आणि तिथंच थांबला. “घरात नको,” एवढंच आई म्हणाली आणि ताट घेऊन आत गेली. बाबा खाली मान घालून जेवत राहिले. आपली आई या बाबतीत चारचौघींसारखीच आहे, याचं तिला वाईट वाटलं होतं. आणि नंतर कितीतरी व्याख्यानांत ‘माझी एक ज्येष्ठ नातेवाईक’ म्हणून तिनं तो प्रसंग सांगितला होता. लोकांना तो आवडायचा. त्यांच्याही घरी अशी एखादी ज्येष्ठ नातेवाईक असायची.

त्या संध्याकाळी स्वतःच्या इमारतीच्या फाटकातून आत शिरताना तिला दलालाची आठवण झाली. घर दाखवताना तो म्हणाला होता, “मॅडम, इथं सगळे आपल्यासारखेच आहेत, डोक्याला ताप नाही.” तिनं ते ऐकलं होतं. ऐकणं हाच तर तिचा धंदा. गॅलरीत ऊन कुठवर येतं असं तिनं त्याला विचारलं होतं आणि ऊन चांगलं लांबवर येत होतं. हे सगळं आईनं कधी पाहिलं, कसं जोखलं? घर घेताना आई सोबत नव्हती. घर बघायला आली तेव्हा तिनं फक्त दारांवरच्या नावाच्या पाट्या वाचल्या होत्या, एकेका मजल्यावर थांबून. ती दमल्यामुळं थांबते आहे असं हिला वाटलं होतं.

रविवारी ती नेहमीसारखी आईकडं गेली. बाबा गेल्यापासून आई त्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकटीच राहत होती. वय झालं होतं, गुडघे कुरकुरत होते, पण घर लखलखीत. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून आई चष्म्याचं घर उघडत-मिटत होती. तिला ते बघवेना. “तुझ्याकडं एक मुलगी आली होती का? मुलाखत घ्यायला?” तिनं विचारलं.

“आली होती ना. गोड मुलगी. तुझ्याच कॉलेजातली का ती?”

“मला काही बोलली नाहीस.”

“त्यात काय सांगायचं? वायरमन येऊन गेला तरी सांगते का तुला?” आईनं खिडकीबाहेर पाहिलं. “तिनं तुला सांगितलं?”

“तिनं कुणाचंच नाव सांगितलं नाही. मी ओळखलं.” मग ती म्हणाली, “यंत्र बंद करायला लावलंस म्हणे.”

“मग पुढचं काय बोलले तेही सांगितलं असेल.”

“नाही. तेवढं नाही सांगितलं.”

“चांगली आहे मुलगी,” आई म्हणाली आणि चहा टाकायला उठली. तिनं आईच्या पाठीकडं पाहिलं. माणसं बोलायची थांबली की काय करायचं, हे ती दर वर्षी नव्या मुलांना शिकवत असे. घाई करायची नाही. त्यांच्या हातातलं काम बघायचं. आपलंही काहीतरी थोडं सांगायचं, म्हणजे तराजू सारखा होतो. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिनं आईला सांगण्यासारखं आपल्याकडं काय आहे ते शोधलं आणि तिला पटकन काही सापडलं नाही. साखर डब्याच्या तळाला गेली आहे एवढं तिनं सांगितलं. आई म्हणाली, “माहितीये.”

इमारतीत वरच्या मजल्यावरचं एक घर रिकामं झालं होतं. मालक परदेशी, मुखत्यार म्हणून किल्ली तळमजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअरकाकांकडं. ते घर बघायला एक जोडपं येऊन गेलं. ती सरकारी दवाखान्यात परिचारिका, तो लिफ्ट दुरुस्त करणारा. दोघं पलीकडचे. घर त्यांना पसंत पडलं, भाडं मान्य झालं आणि इंजिनिअरकाकांनी, आपल्या एकट्याच्या शिरावर यायला नको म्हणून, सगळ्या रहिवाशांना खालच्या खोलीत बोलावलं. आईनं फोन करून तिला एवढंच सांगितलं, “बैठक आहे. तू ये. मला जिना उतरवत नाही हल्ली.” आजवर आईनं कुठल्याच बैठकीला तिला बोलावलं नव्हतं, आणि जिना ती रोज उतरत होती.

ती वेळेच्या बरीच आधी पोचली. आईनं पाय गरम पाण्यात बुडवून ठेवले होते. वाकता येत नसल्यामुळं पायाची नखं कापायचं काम काही महिन्यांपासून तिच्याकडं आलं होतं. खाली बसून तिनं आईचं पाऊल मांडीवरच्या टॉवेलवर घेतलं. अंगठ्याचं नख जाड, पिवळं, शिंपल्यासारखं झालेलं. ती अशी खाली मान घालून बसलेली असतानाच आई बोलायला लागली.

“त्या मुलीला मी सांगितलं की मी तिकडचीच आहे.”

नखकात्री थांबली. “तिकडची म्हणजे?”

“पलीकडची. धरण व्हायचं होतं अजून, नुसतं बोलणं चाललं होतं. लांबची एक मावशी इकडं होती, तिला मूल नव्हतं. तिनं मला आणलं. दहा-अकरा वर्षांची असेन. मावशी म्हणाली, तोंड उघडायचं नाही जोवर नीट बोलता येत नाही. मी गप्प बसून ऐकायचे. शाळेत सगळ्यांना वाटलं मुकी आहे. मग एक दिवस बोलले, ते सरळ इकडच्यासारखं.” आई जराशी हसली. “बाईंनी मला पुढच्या बाकावर बसवलं.”

तिनं पाऊल हातात तसंच धरून ठेवलं होतं. तिला काही वाटायला हवं होतं आणि ते कुठंतरी वाटतही असणार. पण तिच्या मनात आधी आला तो शिवणकाम करणारीच्या दातांतला दोरा. जीभ शिकली नाही काही. तान्हेपणी, घरात दुसरं कुणी नसताना, शब्दांचे अर्थ कळायच्या आधी, आई तिच्याशी कुठल्या सुरात बोलली असेल? ज्यावर तिचं नाव झालं, नोकरी झाली, तो कान तिनं कमावलेला नव्हता. तो तिला पाजलेला होता. हा विचार तिनं जरा दूर धरून पाहिला, दुसऱ्याच्या सामानाकडं पाहावं तसा, आणि तो बरोबर आहे असं तिला दिसलं. “बाबांना?” तिनं विचारलं.

“लग्नाआधीच सांगितलं होतं. ‘बरं,’ म्हणाले. परत तो विषय आमच्यात निघाला नाही. चांगला होता माणूस.”

“आणि मला?”

“तू त्यांच्यात राहायला निघालीस तेव्हा सांगणार होते. पण तू एवढी सामान बांधत होतीस, वह्या, टॉर्च, औषधं. जंगलात चालल्यासारखी.” आईनं दुसरं पाऊल पाण्यातून काढून पुढं केलं. “मग म्हटलं, जाऊ दे. येईल बघून.”

“एका परक्या मुलीला सांगितलंस.”

“ती सांगून झालं की निघून जाणार होती ना,” आई म्हणाली.

हे वाक्य तिनं आयुष्यभर ऐकलं होतं. वस्तीतल्या बायका, कचेऱ्यांच्या व्हरांड्यात ताटकळणारे म्हातारे, पोराला घेऊन घर सोडून आलेली एक शिक्षिका. घरच्यांना न सांगितलेलं ती माणसं तिला सांगत, आणि का सांगता म्हणून विचारलं की असंच काही म्हणत. ‘तुम्ही काय, जाणार.’ त्याला ती विश्वास म्हणत आली होती.

“मग त्या जोडप्याला तूही नकोच म्हणणार ना? का?”

“ते ओळखतील.” आईचा आवाज अगदी साधा होता, दूध उतू जाईल म्हणाल्यासारखा. “तुम्हा लोकांना नाही कळायचं. इतक्या वर्षांत इथं कुणाला कळलं नाही. पण त्यांना कळतं. जिन्यात कधी पाय घसरला, कधी कुणी मागून हाक मारली, तर तोंडातून काय निघेल ते माझ्या हातात आहे का? जिना एकच आहे.”

“कळलं तर काय होईल आता, आई? या वयात?”

 आईनं टॉवेलवर पाय कोरडे केले, चपला शोधल्या. मग म्हणाली, “तुला त्यांच्यातले पुष्कळ लोक माहिती आहेत. मला इथलेच माहिती आहेत.”

खालच्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. इंजिनिअरकाकांनी बोलायला सुरुवात केली ती आपण किती मोकळ्या मनाचे आहोत इथपासून. नोकरीत असताना पलीकडची कितीतरी पोरं हाताखाली होती, एकाला तर त्यांनी स्वतः बढती दिली होती. पहिल्या मजल्यावरच्या वकीलबाई म्हणाल्या की तत्त्वाचा प्रश्नच नाही, पण पाहुण्यारावळ्यांची ये-जा असते त्या लोकांत. कुणीतरी पाण्याच्या टाकीचा मुद्दा काढला. विद्यार्थिनीच्या पडद्यावरची सगळी वाक्यं एकामागून एक येत होती, जवळपास त्याच क्रमानं, आणि ती नकळत पुढचं वाक्य कुठलं येणार याचा अंदाज बांधत होती. अंदाज बरोबर येत होते. जोडपं अर्थातच तिथं नव्हतं. अशा बैठकांना ज्यांच्याबद्दल बोलायचं ते कधीच नसतात, हेही तिनं लिहिलेलं होतं. परिचारिका या वेळी दवाखान्यात कुणाच्या तरी हातात सुई टोचत असेल. घर मिळालं तर दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर येणार होता. काका तिच्याकडं वळले. “ताई, तुम्ही तर यातल्या जाणकार. त्यांच्यात राहून आलात. तुम्हीच सांगा, घ्यावं का नको?”

 माणसं उत्सुकतेनं पाहत होती, आणि आपल्याला आता रागवलं जाणार अशी थोडी तयारीही त्यांच्या चेहऱ्यांवर होती. तिच्याकडं सांगण्यासारखं खरोखर सगळं होतं. आकडे होते, उदाहरणं होती, उत्तम वाक्यं होती. परक्या सभांमध्ये ती हे सगळं बोलत आली होती आणि माणसांनी खाली पाहिलं होतं. शेजारी आई बसली होती, मांडीवर दोन्ही हात, डोळे समोरच्या भिंतीवर. आईच्या श्वासाचा आवाज तिला ऐकू येत होता. ‘घ्या’ म्हटलं तर त्या जिन्यात आईचं काय होईल हे तिला माहीत नव्हतं. कदाचित काहीच झालं नसतं. आणि ‘नको’ हा शब्द तिला उच्चारता येण्यासारखा नव्हता.

“मी इथं राहत नाही,” ती म्हणाली.

एक-दोघं हसले. खोलीतला ताण उतरला. “तेही खरंच,” काका म्हणाले आणि त्यांनी नको म्हणणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं. हात वर गेले. आईचाही गेला, फार उंच नाही, खांद्यापर्यंत. घर नुकतंच गेलं असं त्या दोघांना कळवायचं ठरलं. कळवायचं काम वकीलबाईंनी घेतलं, कारण त्यांना गोड बोलता येत होतं.

जिना चढताना आईनं तिचा दंड धरला. मधल्या वळणावर दोघी थांबल्या. काही बोलाव्यात अशा गोष्टी होत्या, पण जिन्यात बोलणं दोघींनाही शक्य नव्हतं. तिला राग आला होता का? ती शोधत होती. आईवर यायला हवा होता, आणि येत होता तो त्या खोलीवर, तिथल्या खुर्च्यांच्या रांगेवर, आणि मग वळून तिच्या स्वतःच्या त्या चार शब्दांवर. खरे शब्द होते ते. व्याकरणदृष्ट्या, वस्तुस्थितीदृष्ट्या निर्दोष. आईच्या भीतीचा अर्थ लावता येत होता, त्यावर एखादं प्रकरणही लिहिता आलं असतं. पण दवाखान्यातून सुटल्यावर ज्या बाईला वकीलबाईंचा गोड फोन येणार होता, तिला तो अर्थ काय करायचा होता?

घरात आल्यावर आई बराच वेळ खुर्चीत बसून राहिली. लेकीनं दिवा लावला, पर्स उचलली, निघते म्हणाली.

“बस जरा. खिडकी लाव.”

तिनं खिडकी लावली.

“तुला सगळं येतं ना त्यांचं?” आईनं विचारलं. “मी विसरले. मावशीनं विसरायलाच लावलं. बाकाला काय म्हणायचे गं? दारापुढं असायचा, दगडाचा.”

तिनं शब्द सांगितला. आईनं तो म्हणून पाहिला. सूर शेवटी खाली पडला, इथल्यासारखा. “वर ठेवायचा,” ती म्हणाली. बोलून गेल्यावर आपण कुणाला काय दुरुस्त करतो आहोत हे तिच्या ध्यानात आलं. पण आईला त्याचं काही नव्हतं. तिनं घसा साफ करून पुन्हा म्हटलं, आणि या वेळी तो वर राहिला, पातळ, लहान मुलीच्या आवाजात. मग आईनं नदीकाठच्या चिखलाला विचारलं, आणि ओल्या केसांना. ती सांगत गेली. काही शब्द तिला येत होते, काही येत नव्हते. तिनं वस्तीत जमिनीचं विचारलं होतं, भरपाईचं, अर्जांचं, कोण कुणाला मत देतं त्याचं. त्या विषयांतला एकही शब्द तिला अडला नसता. आईला त्यातलं काही नको होतं.

“रुसून बसलेल्या पोरीला एक शब्द होता,” आई म्हणाली. “काय गं तो?”

तिनं आठवून पाहिलं. इतक्या वर्षांच्या इतक्या बोलण्यात कुणी रुसून बसलेल्या पोरीबद्दल तिच्याशी बोललं नव्हतं. “मला माहीत नाही,” ती म्हणाली.

आई वाट बघत राहिली, अजून तिला आठवेल म्हणून. मग तिनं मान हलवली.

“मलाही नाही आठवत,” आई म्हणाली. “पण मला म्हणायचे.”